तळ्यातलं उंच झाड

"मग हेही ते झाड नव्हे म्हणतोस?" काशीगीर गोसाव्यांनी काठावरून विचारलं.

"नव्हे, महाराज."

येसाजी वैद्य घोटाभर पाण्यात उभा होता. हातात नुकतीच तोडलेली फांदी. पान चिंचेसारखं बारीक, फूल पिवळं. त्यानं शेंग चिमटीत दाबली, तिचे पेरापेरानं तुकडे पडले. मग देठ मोडला. आत पांढराशुभ्र, हलका गाभा.

"हे भेंड. लग्नातली बाशिंगं याच्याच गाभ्याची करतात. शेवरी वेगळी, तिच्या शेंगा लांबलचक. लोक दोन्हींत घोळ घालतात. मला फसवणारं झाड अजून उगवायचंय, महाराज."

यात खोटं काही नव्हतं. येसाजीसारखा झाडं ओळखणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. कुणाला हे ठाऊक नसेल तर तो स्वतःच सांगायचा.

"पान जुळतं?"

"जुळतं."

"फूल? शेंग?"

"तीही जुळतात."

"मग घोडं अडलं कुठं?"

"उंचीत..." येसाजीनं हात छातीशी आडवा धरला. "हे एवढंच. ते झाड आभाळाला टेकलं होतं. फुलं बघायची तर मान दुखायची."

वैद्य माणूस तळ्यामागून तळी धुंडाळतो म्हटल्यावर लोकांना वाटायचं, काहीतरी रामबाण औषध शोधतोय. गोसाव्यांनाही तसंच वाटलं.

"कुणाच्या दुखण्यावर हवंय?"

येसाजीनं नखानं गाभा सोलला.

"माझी आई बाशिंगं करायची," तो म्हणाला. "भेंड कापायला तळ्यात उतरायची, मला कडेला पाण्यात खेळत बसवून. गाभ्याची चिमणी करून द्यायची... मी लहान असतानाच ती गेली. मामानं माळावरच्या गावी नेलं. तिथं प्यायला पाणी मिळायची मारामार, भेंड कुठलं?"

"मग?"

"तिचा चेहरा आठवत नाही, महाराज. ते झाड तेवढं आठवतं. तिच्या भेंडाची जातच निराळी असली पाहिजे. वाटतं, ते एकदा सापडलं, तर तिथंच कुठंतरी..."

त्यानं हातातली फांदी पाण्यात सोडून दिली.

गोसावी उठून पाण्याशी आले.

"बस."

"कुठं?"

"आहेस तिथंच."

"पाण्यात?"

गोसाव्यांनी बोटानं खाली दाखवलं. येसाजी कुरकुरला, धोतर सावरलं, आणि शेवटी चिखलात बसला. पाणी कमरेपर्यंत आलं.

"आता वर बघ."

येसाजीनं मान वर केली.

बारीक पानं डोक्यावर हलत होती. त्यांच्याही वर पिवळी फुलं, आणि फुलांच्या वर नुसतं आभाळ.

"हेच..." त्याच्या तोंडून निघालं. "महाराज, हेच ते!"

आणि एवढा मोठा वैद्य पाण्यात बसून हमसाहमशी रडला.

मग त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भेंडाच्या दाटीत पाहिलं. पलीकडच्या काठापर्यंत पाहिलं. एक बगळा तेवढा उभा होता.

"झाड आहे," तो म्हणाला. "ती नाही."

गोसाव्यांनी मावळतीकडे पाहिलं.

"ऊन उतरलं. चल," गोसावी म्हणाले.

"नाही येत. उठलो की हे पुन्हा ठेंगणं होईल. एवढ्या वर्षांनी सापडलंय, मी नाही उठत."

गोसावी पाण्यात उतरले. वाकून त्यांनी येसाजीच्या दोन्ही काखांत हात घातले, आणि लहान मुलाला उचलावं तसं त्याला उभं केलं.

पिवळी फुलं खाली आली, त्याच्या छातीशी.

"बघ, झालं ना ठेंगणं!" येसाजी कळवळून म्हणाला.

गोसावी म्हणाले, "तिनं कडेवर घेतल्यावर ते एवढंच दिसायचं."