पट्टकादंबाच्या गळ्यातला क्रमांक

पक्षीगणनेच्या होडीत कोण बसणार, हे पक्षीमित्र मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब खर्चे ठरवत, आणि ते माणूस जोखत कॅमेऱ्याच्या सेन्सरवरून. ऊर्वीला यंदा जायचंच होतं. तिचा नवाकोरा, पहिलाच डीएसएलआर पाहून ते सर्वांदेखत हसले.

“लहान सेन्सर? पोरी, हे खेळणं ठेव घरी. माझ्यासारखा मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम घे, मग ये.”

“विचार करूनच घेतलाय, सर. अंधारात तुमचा सरस. पण आपली गणना उन्हात असते.”

“मला शिकवतेस? तलावाच्या पलीकडच्या काठावरचा तो पट्टकादंब हंस बघ. त्याला अभ्यासकांनी घातलेल्या गळपट्ट्यावरचा क्रमांक फोटोत वाचून दाखव. नाही जमलं तर होडी विसर.”

लेन्स दोघांची सारखी, मेगापिक्सेलही तेवढेच. दोघांनी फोटो काढून पडद्यावर मोठे केले. खर्च्यांच्या फोटोत पाणीच पाणी होतं आणि गळपट्ट्याच्या जागी पुसट ठिपका. ऊर्वीच्या लहान सेन्सरने मधला तुकडाच उचलला होता आणि सगळे पिक्सेल त्यावरच खर्चले होते. त्यात क्रमांक स्वच्छ वाचता येत होता.

“पण माझ्या फोटोत किती मावलंय बघ!” खर्चे गुरगुरले.

“मावलंय खरं, सर. पण आपल्याला पक्षी मोजायचेत, पाणी नाही.”

खर्चे होडीत चढले आणि सरकून तिच्यासाठी जागा करून बसले.