तीन दिवस मोकळा दोर

घोणशीच्या उतारावर नदीच्या दोन्ही काठांना दगडी खांब आहेत. या खांबापासून त्या खांबापर्यंत तागाचा जाडजूड दोर ताणलेला असतो आणि त्याला धरून धरून नाव पलीकडे नेतात. पूल आहे, पण तो सहा कोसांवर. दर अमावास्येला हा दोर सोडून काठच्या कातळावर पसरतात आणि पुढचे तीन दिवस नाव जागची हलत नाही. वरात असो, बाजार असो, मयत असो. नवखी माणसे चिडतात, घड्याळ दाखवतात. मग नावेवरचा म्हातारा नानू भोई त्यांना बसायला सांगतो, तंबाखू मळतो आणि वाडवडिलांकडून ऐकलेली हकिकत सांगतो.

फार मागे, पूल नव्हता तेव्हा, घोणशीत सटवा नावाचा दोर वळणारा होता म्हणे. जातीने मातंग, घर गावकुसाबाहेर. नावेचा दोर त्याच्याच हातचा. अख्खा गाव त्याच्या दोराच्या भरवशावर नदी ओलांडायचा, पण त्याच्या शब्दाला गावात कवडीची किंमत नव्हती. त्याची एकुलती एक लेक, ठकू, पलीकडच्या गावात दिलेली. ती पहिलटकरीण होती आणि बाळंतपणाला माहेरी यायची होती. सटव्याचा अर्धा जीव त्या काठावर टांगलेला असायचा.

त्या वर्षी कार्तिक उजाडला तरी पाऊस हटेना. दोर महिनोन्महिने पाण्यातच. ताग पाण्याला भीत नाही. ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवला आणि मधूनमधून कडक वाळवला, तर तो वर्षानुवर्षे साथ देतो. पण अष्टौप्रहर ओला राहिला की आतून कुजतो, आणि वरून काही कळत नाही. उलट ओला दोर हाताला जास्तच घट्ट लागतो. सटव्याने त्याच्यावरून हात फिरवला, बोटे नाकाशी नेली आणि तसाच चावडीकडे निघाला.

चावडीच्या पायऱ्यांखाली उभे राहून त्याने तीन दिवस मागितले. दोर सोडू, वाळवू, काढा पाजू, मग बांधू. पाटील म्हणाले, परवा भाचीची वरात यायची आहे, नंतर बघू. वरात झाली तर गुरांचा बाजार आला. बाजार झाला तर पलीकडच्या रानातली ज्वारी राखायला माणसे जायची होती. कुणाचीच अडचण खोटी नव्हती, हेच तर वाईट होते.

शेवटी सटव्याने दोराचा एक पीळ उकलला, चुलीपाशी दोन दिवस वाळवला आणि चावडीसमोर तळहातावर चोळून दाखवला. पिठासारखा भुगा खाली पडला. पाटलांनी भुग्याकडे पाहिले, नदीतल्या ताठ दोराकडे पाहिले आणि म्हणाले, "वाळवलास म्हणून मोडला. ओला हाय तवर बघ कसा लोखंडावानी हाय. त्याला सुकू देऊ नका."

आणि हुकूम सुटला की दोराचा पाण्याबाहेरचा भाग रोज सकाळ-संध्याकाळ भिजवायचा. काम कुणाचे? दोर ज्याचा, त्याचे.

सटव्याने ते केले. न करून सांगतो कुणाला? घागर भरायची, खांबापाशी जायचे आणि स्वतःच्या हाताने स्वतःचा दोर कुजवायचा. नवा वळावा तर यंदाचा ताग डोहात भिजत घातलेला, साल सुटायला अजून पंधरा दिवस. त्याने भोयाच्या तोंडी लेकीला निरोप धाडला की नावेने येऊ नकोस, इतक्यात तर येऊच नकोस. ठकू हसली म्हणे. उलट निरोप आला, "माझ्या बाच्या हातचा दोर हाय. त्याला काय व्हतंय?"

आठव्या दिवशी सकाळी सटवा घागर घेऊन उताराला आला, तेव्हा नाव निम्म्या पाण्यात होती. नावेत नऊ माणसे. मधोमध हिरव्या लुगड्यातली ठकू. बापाला पाहून तिने हात वर केला. सटवा ओरडला, मागे फिरा म्हणून, पण पाण्याच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? त्याने घागर टाकली आणि दोराला मिठी मारली, जणू त्याच्या दोन हातांनी तो जोडलेला राहणार होता. दोर मधोमध तुटला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. अर्धा दोर हलका होऊन सटव्याच्या छातीशी आला, आणि नाव वळणाआड गेली. नऊतले कुणी सापडले नाही.

आठवडाभराने ताग निघाला, गावाने दुसरी नावही आणली. सटव्याने नवा दोर वळला, काढ्यात मुरवला, बांधून दिला. आणि अमावास्येला, कुणाला न विचारता, सोडून कातळावर पसरला आणि शेजारी बसून राहिला. दुसऱ्याच दिवशी एक पट्टीचा पोहणारा पलीकडून सांगावा घेऊन आला की पाटलांची आई पलीकडे लेकीच्या घरी अखेरच्या घटका मोजते आहे. पाटील धावत उतारावर आले. ओला दोर, बसलेला सटवा, दोघांकडे पाहिले. बांध म्हणायला त्यांची जीभ उचलेना. सटवा रडत होता, कारण आईला भेटायची घाई काय असते ते त्याला कळत होते. तरी तो उठला नाही. पाटील कातळावर त्याच्या शेजारी बसले. तीन दिवसांनी दोर बांधला, तोवर सगळे उरकले होते.

आजही दोर बांधायचा शब्द सटव्याच्या भावकीतले माणूस देते, आणि तोवर आमदारालाही काठावर बसावे लागते. इथे नानू सहसा थांबतो. कुणी फारच हट्टाने विचारले, की बाबा, एखाद्या वेळी तरी मोडला असेल ना नेम, तर तो पलीकडच्या काठाकडे बोट करतो. गेल्या साली तिथे त्याची धाकटी बहीण वारली. दोर कातळावर होता. पुलावरून फिरून जाईपर्यंत राखच हाती आली असती.

"हितं बसून धूर बघितला," तो सांगतो. "बांधा म्हणावं असं लई वाटलं. पण म्हणालो न्हाई."