लोहवृक्ष आणि सुवदना राणीचा सुरा

एका राज्यात राजा होता, पण सिंहासन रिकामे होते. कपालकेतू मांत्रिकाने राजाला लोहवृक्षाच्या खोडात कोंडले होते. तेव्हापासून झाडांना फळ धरत नव्हते, गाईंना पान्हा फुटत नव्हता. उःशाप एकच: एकाच सुऱ्याने वाटेवरची सर्पवेल तोडावी, शिळेचे दार उचकटावे, लोहवृक्षाचे खोड चिरावे. मध्येच सुरा मोडला, तर तुटलेले सारे पुन्हा जुळेल.

राणी सुवदना सुरा घेऊन जाई आणि मोडका घेऊन परत येई. एक वेलीतच वाकला. दुसऱ्याचे टोक शिळेत राहिले. तिसरा खोडापर्यंत पोचला. पहिल्याच घावाला हस्तिदंती मूठ तिच्या हाती राहिली, पाते गवतात उडाले. मंत्राच्या वाऱ्याने राणीला उचलून नगराच्या वेशीबाहेर आणून टाकले.

"मोडला," फांदीवरचा धनेश पक्षी म्हणाला.

"मला डोळे आहेत!" राणी कडाडली.

शस्त्रागाराचा अधिपती नवा सुरा घेऊन धावत आला. मुठीवर पाचू झळकत होता.

"हा टिकेल?"

"पाचू पाहावा, महाराणी!"

राणीने सुरा गुडघ्यावर धरून दाबला. कट्‌! पाचू घरंगळत गेला.

"साऱ्या राज्यात एक धड सुरा नाही?"

"जळत्या डोंगरात लोहजंघा राक्षशीण घडवते," धनेश म्हणाला.

"मग आजवर बोलला का नाहीस?"

"आपण विचारले नाहीत."

राणीने दात-ओठ खाल्ले आणि डोंगराची वाट धरली.

लोहजंघेने भट्टीवरून मान वर केली. "सुरा कशाला? फळे चिरायला?"

"नवरा सोडवायला."

"मग भाता ओढ."

हाताला फोड येईतो राणीने भाता ओढला. राक्षशिणीने लोखंड तापवले, ठोकले, पुन्हा तापवले, तेलात विझवले. पाते आणि मूठ अखंड एकाच लोखंडाची. मुठीवर फक्त चामड्याची पट्टी आवळलेली.

"फार जड आहे. आणि किती ओबडधोबड!" राणी वैतागली.

"दगडावर हाण."

राणीने मनातला सारा राग काढून हाणला. खाच दगडाला पडली. धार तशीच होती.

लोहवृक्षाच्या वाटेवर सर्पवेल फुत्कारत आली; एका घावात तुटली. शिळेच्या फटीत पाते घालून राणीने अंगाचा भार टाकला. पाते धनुष्यासारखे वाकले, आणि शिळा सरकली. पाते पुन्हा सरळ झाले. मग खोडावर सुरा टेकवून ती त्याच्या पाठीवर धोंडा हाणू लागली.

"मोडेल बहुधा," धनेश म्हणाला.

"गप्प बस!"

ऊन उतरले. धार बोथट झाली, पण सुरा मोडला नाही. अखेर खोड उभे चिरले आणि पांढऱ्या केसांचा राजा बाहेर आला. त्याच क्षणी कपालकेतूचा मंत्र विरला. झाडे मोहरली, दूर गोठ्यांतून गाई हंबरल्या.

"उशीर झाला," राणी म्हणाली. संतापाने तिचे डोळे भरून आले. "एकेक सुरा फुसका निघाला!"

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "खोडात सारे ऐकू येई. तू चिडून ओरडलीस की मला धीर येई. एखाद्या दिवशी गुमान परतली असतीस, तर मी समजलो असतो, ही आता येत नाही."

राणीने डोळे पुसले, त्याचा हात घट्ट धरला. सिंहासनाची वाट लांब होती. ती दोघे चालत गेली, आणि राज्य पुन्हा मार्गी लागले.