दहाव्या श्वासाचं उत्तर

पाखरांच्या त्या राज्यात वरच्या बंधाऱ्यावरून दिलेल्या हाकेला उत्तर यायला वीस श्वास लागत. त्या सकाळी ते दहाव्या श्वासालाच आलं. टिटवी दचकली, पण ती पानाच्या सळसळीलाही दचकत असे, म्हणून कुणी मान वळवली नाही.

राज्य लांबट होतं. वर बंधारा, खाली वाळूची बेटं, आणि मध्ये इतकं अंतर की कुणाचीच हाक निम्म्याच्या पुढे टिकत नसे. म्हणून निम्म्यावर, वठलेल्या झाडावर, एक झेल्या बसे. इकडची हाक झेलायची, ताज्या गळ्यानं तिकडे फेकायची. तिकडचं ‘पोचलं’ झेलून इकडे आणायचं. जुना झेल्या बहिरा झाला, तेव्हा नवा निवडायचं काम राज्याचा कारभार बघणाऱ्या ढोकआप्पांनी टिटवीवर टाकलं. शिकलेली तीच होती.

परीक्षा बंधाऱ्यावरच झाली, चार पावलांच्या अंतरावरच्या दोन दगडांमध्ये. उमेदवार दोनच. पिंगळा दर हाकेला मान तिरकी करून म्हणे, “पुन्हा सांगा.” कोतवाल पक्षी मात्र हाक संपायच्या आत “पोचलं!” म्हणे, तेही ज्याच्या त्याच्या आवाजात.

“आप्पा, एकदा झाडावर बसवून बघू या ना,” टिटवी चाचरत म्हणाली.

“अगं बाई, इथं बोलतोय तो तिथं मुका होणार आहे का? का त्या पिंगळ्याला घेऊन जन्मभर पुन्हा सांगत बसायचं?”

सगळे हसले. टिटवीनं रीतीप्रमाणे कोतवालासाठी होकाराचं पीस आप्पांपुढे ठेवलं.

आता निम्म्या वेळात उत्तर येतं म्हणून बंधाऱ्यावर कौतुक चाललं होतं. टिटवीनं खालच्या बेटावरच्या धाकट्या बहिणीला विचारलं, “अंड्यांतून पिल्लं निघाली का गं?”

दहाव्या श्वासाला उत्तर आलं, “पोचलं.”

“मी विचारलं काय, आणि...”

“आलं ना उत्तर?” आप्पा म्हणाले. “उत्तर आलं तरी तुझं काळीज धडधडतंच!”

आठव्या दिवशी बंधाऱ्याला तडा गेला. आधी केसाएवढा, मग चोच आत जाईल एवढा. टिटवी जीव तोडून ओरडली, “पाणी सुटतंय! पिल्लांना घेऊन टेकडी गाठ!”

दहा श्वास. “पोचलं.”

पूर्वी असा निरोप गेला की खालून थव्याचा पांढरा ढग उठे. टिटवी बघत राहिली. आभाळ रिकामंच होतं.

मग ती उडाली. वठलेल्या झाडावर कोतवाल छाती काढून बसला होता. तिचे पंख फडफडले एवढ्यावरच तो तिच्या आवाजात म्हणाला, “पोचलं!” ती त्याच्याही पुढे गेली. बंधाऱ्यावरचं कुणी कधी तिथवर गेलं नव्हतं. एका उघड्या खडकावर उतरून तिनं हाक दिली. काही नाही. मागे वर कुठेतरी दगड निखळल्याचा आवाज झाला. तिनं पुन्हा हाक दिली.

फार वेळानं, बसलेल्या गळ्यातून, उत्तर आलं.

“ताई? तूच ना? अगं, आठ दिवस मी ओरडतेय. बेट खचतंय, पिल्लांना न्यायला या म्हणून. आणि तू आपली नुसती ‘पोचलं, पोचलं’ म्हणतेस!”

टिटवीनं तोंड उघडलं. तेवढ्यात मागच्या झाडावरून, दोघींच्याही आवाजात, अगदी वेळेवर आलं, “पोचलं!”