धुरपाची साक्ष

“मग माझं चुकलं तरी कुठं, बाबा?”

मोरेश्वरशास्त्र्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. कायदा काटेकोर पाळण्यात या न्यायाधीशाचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पण गेले तीन दिवस घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता, म्हणून ते आपल्या गुरूंकडं आले होते.

बाबा फाटकी घोंगडी शिवत बसले होते.

“बाई अजून तिथंच आहे?”

“देवळाच्या खालच्या पायरीपाशी. उठतच नाही. तुमचा शब्द ती मोडणार नाही, बाबा. तिला घरी जा म्हणा.”

“घरी कोण आहे तिचं?”

कुणीच उरलं नव्हतं.

धुरपाचा एकुलता एक तरणा लेक पाटलाच्या पुतण्यानं काठीनं ठार मारला होता. वाकून जोहार करायला उशीर झाला, एवढंच कारण. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. दुसरं कुणी तिथं नव्हतं, आणि असतं तरी पाटलाविरुद्ध तोंड उघडायची छाती कुणाची होती!

“साक्ष द्यायची तर आधी खंडोबापुढं बेलभंडार उचलून शपथ घ्यावी लागते,” शास्त्री म्हणाले. “पुतण्यानं घेतली. तिनं नाही.”

“का नाही?”

“तिच्या जातीला... देऊळ चढता येत नाही.”

“हं.”

“शपथ नाही तर साक्ष नाही. साक्ष नाही तर गुन्हा नाही. पुतण्याला सोडावंच लागलं. हा नियम काही मी केलेला नाही!”

“ती काही बोललीच नाही?”

“खालून ओरडून सांगत होती. पण ते दप्तरात घेता येत नाही.”

“तुझ्या कानांनी घेतलं?”

“...घेतलं.”

“खरं वाटलं?”

शास्त्र्यांनी मान खाली घातली.

बाबांनी सुई खोचून ठेवली. उठून कोनाड्यातल्या देवापुढचं तबक आणलं. त्यात बेलाची पानं होती, हळदीचा भंडारा होता. तबक त्यांनी शास्त्र्यांपुढं ठेवलं.

“उचल. आणि म्हण, खरं काय ते मला ठाऊक नव्हतं.”

शास्त्र्यांचा हात पुढं झाला आणि तबकावर येऊन थांबला. डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळलं, पण हात काही खाली जाईना...

बाबांनी त्या हाताकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले,

“तिला तरी पायरी आडवी आली होती, मोरेश्वरा.”