गव्हर्नरची जागा

अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती, तेव्हाची गोष्ट. लढाईत एका पायाने अधू झालेला कॅप्टन नेथन व्हीलॉक पुढे आपल्या राज्याचा गव्हर्नर झाला. त्याच्या मानासाठी थॉर्नडाइक नावाच्या बड्या जमीनदाराने मेजवानी दिली.

पाहुणे बसणार, तोच दारात विरलेल्या कोटातला एक म्हातारा कृष्णवर्णीय शिपाई येऊन उभा राहिला. त्याला पाहताच नेथनचे डोळे भरून आले. "टायटस!" म्हणत तो लंगडत दारापर्यंत गेला आणि हाताला धरून त्याला आपल्या शेजारच्या खुर्चीपाशी घेऊन आला.

थॉर्नडाइकच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "गव्हर्नरसाहेब, हा तुमच्या खांद्याला खांदा लावून बसणार? माणसाने आपली जागा ओळखावी!"

टायटस खालमानेने मागे सरकला. नेथनने त्याचा हात सोडला नाही.

"अगदी खरं बोललात," नेथन म्हणाला. "पायात गोळी लागून मी रणात पडलो, तेव्हा यानेच मला खांद्यावर घालून बाहेर काढलं. म्हणजे माझी जागा याच्या खांद्यावर! पण या वयात तिथे चढून बसणं बरं दिसायचं नाही, म्हणून नुसता शेजारी बसतोय."

थॉर्नडाइकने स्वतः टायटससाठी खुर्ची पुढे सरकवली.

टायटस नेथनच्या कानाशी लागला. "कॅप्टन, आता तुमचं ओझं मला पेलवायचं नाही हो."

"तेव्हा तरी कुठे पेलवत होतं?" नेथन म्हणाला. "पण तू मला खाली ठेवलं नाहीस."