आडवळ समाचारचा सिनेमा-परीक्षक

एका गावात एक भोळा सिनेमा-परीक्षक होता. गावाचं नाव आडवळ आणि परीक्षकाचं नाव नरहर बोंद्रे. नरहर बोंद्रे म्हणजे मीच. ‘भोळा’ हा शब्द माझ्या आईचा. गावातले लोक दुसरा शब्द वापरतात, अर्थ साधारण तोच.

आडवळमध्ये एक टॉकीज होतं आणि एक दैनिक होतं. टॉकीज रमणिकशेटचं. दैनिकाचं नाव ‘आडवळ समाचार’, संपादक हुपरीकर. मी तिथे मुद्रितं तपासत असे, म्हणजे छापायला जाण्याआधी मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत असे. दर गुरुवारी टॉकीजमध्ये नवा सिनेमा लागे आणि शनिवारी समाचारात त्याचं परीक्षण येई. ते लिहिणारे मास्तर एकदा बदली होऊन गेले. हुपरीकरांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. खोलीत मीच होतो.

“बोंद्रे, सिनेमे बघता का?”

“बघतो.”

“कसे बघता?”

“पडद्याकडे तोंड करून.”

हुपरीकरांनी टॉकीजचा पास माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “बरं. आज जा. आणि एक लक्षात ठेवा. जे दिसलं तेच लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही.”

मी गेलो. सिनेमा मारामारीचा होता. पास फुकटचा होता, त्यामुळे खुर्ची खांबामागची होती. मी घरी येऊन जे दिसलं ते लिहिलं. शनिवारी छापून आलं.

‘या सिनेमात नायक अर्धा आहे. उजवा हात, उजवा पाय आणि मिशीची उजवी बाजू. आहे तेवढा चांगला आहे. नायिका या सिनेमात नाही, पण तिची गाणी ऐकू येतात. खलनायकाला शेवटी कोणीतरी मारतं. खांब मात्र पूर्ण दिसतो. तो पिवळ्या रंगाचा असून त्यावर ‘येथे थुंकू नये’ असं लिहिलेलं आहे. सूचनेचा उपयोग झालेला दिसत नाही.’

आईनं ते शेजारच्या चार घरांत वाचून दाखवलं. चहाच्या गाडीवाल्यानं मला पहिल्यांदाच आपणहून बाक पुसून दिला. परीक्षक होणं किती छान असतं, हे मला त्या सकाळी कळलं. दुपारी हुपरीकरांनी बोलावलं.

“बोंद्रे, खांबाचं परीक्षण कुणी मागितलं होतं?”

“दिसला तो.”

“अहो, तुम्हाला काय दिसलं याच्याशी लोकांना काय करायचंय? लोकांना काय वाटतं ते लिहा. सिनेमा बघताना लोक काय बोलतात, तिकडे कान द्या.”

“देतो,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात सासुरवाशिणीचा रडका सिनेमा लागला. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे खांब दिसायला नको, आणि दोन्ही कान लोकांकडे दिले. पुढच्या रांगेत गावातल्या बायका बसल्या होत्या. त्या रडत होत्या आणि मधूनमधून बोलत होत्या. मी सगळं लक्षात ठेवलं. शनिवारी छापून आलं.

‘सिनेमातली सासू सुनेला उपाशी ठेवते. डोंगरे वकिलांच्या आईनं सुनेला असंच ठेवलं होतं, असं प्रेक्षकांचं मत पडलं. सिनेमातला नवरा आईपुढे तोंड उघडत नाही. वकीलही उघडत नाहीत, कोर्टात काय ते उघडतात, असंही मत पडलं. एकूण सिनेमा खरा वाटतो.’

सकाळी दहा वाजता डोंगरे वकील काळा कोट घालून कचेरीत आले.

“बोंद्रे कोण?”

“मी.”

“माझ्या आईविषयी हे छापलंत. याला आधार काय?”

“पुढची रांग,” मी म्हणालो.

“रांग साक्षीला येत नाही. सांगणारं कोण होतं? नाव सांगा.”

“तुमच्या मिसेस.”

वकील खुर्चीवर बसले. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन ते निघून गेले. घरी मात्र गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते कोर्टाच्या बाररूममध्येच बसून होते, असं तिथल्या शिपायानं सांगितलं.

हुपरीकरांनी माझ्यापुढे हात जोडले. “बोंद्रे, नावं घ्यायची नाहीत. समजलं? कुणाचं म्हणजे कुणाचं नाव घ्यायचं नाही.”

“नाही घेत.”

त्या आठवड्यात लागलेला सिनेमा चांगला होता. मला पासही खांबाच्या पुढचा मिळाला होता. नट मोठा, नटी मोठी, गाणी आधीच गावभर झालेली. लोक परीक्षणाची वाट बघत होते. शनिवारी छापून आलं.

‘एका टॉकीजमध्ये एक सिनेमा लागला आहे. त्यात एक नट एका नटीवर प्रेम करतो. हे दुसऱ्या एका नटाला आवडत नाही. त्याचं कारण एक म्हातारा नट सांगतो. गाणी एकानं लिहिली असून चाली दुसऱ्या एकानं लावल्या आहेत. एक गाणं फारच सुंदर आहे.’ आणि खाली, जिथे माझं नाव येतं तिथे मी लिहिलं होतं, ‘एक जण’.

बायकोनं, कुमुदनं, पेपर उलटसुलट करून पाहिला. “आज तुमचं आलं नाही का?” तिनं विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. तिनं वाचलं आणि ती पोळ्या करायला आत गेली. लग्नाला सात वर्षं झाली होती. आत गेल्यावर ती हसते की काय करते, ते मला अजून ओळखता येत नाही.

हुपरीकरांनी या वेळी दार लावून घेतलं.

“बोंद्रे, मी तुम्हाला गावातल्या माणसांची नावं घेऊ नका म्हणालो. सिनेमातल्या माणसांची घ्यायचीच असतात. परीक्षण म्हणजे तेच तर असतं. कुणी काय काम केलंय ते लोकांना कळायला नको का? पहिल्याच ओळीत द्या. ठळक अक्षरांत द्या.”

“पहिल्या ओळीत. ठळक,” मी म्हणालो.

पुढचा सिनेमा रहस्याचा होता. एका बंगल्यात खून होतो आणि तो कुणी केला हे अडीच तास कुणालाच कळत नाही. मलाही कळलं नाही. शेवटच्या पाच मिनिटांत कळलं, तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. असा सिनेमा मी आधी पाहिला नव्हता. मी धावतच कचेरीत गेलो आणि मन लावून लिहिलं. शनिवारी पहिली ओळ ठळक अक्षरांत छापून आली.

‘खुनाचं काम माळ्यानं केलं आहे.’

पेपर टाकणारा पोऱ्या हुशार होता. तो ती ओळ मोठ्यानं ओरडत गावभर फिरला. दुपारच्या खेळाला पडद्यावर माळी झारी घेऊन पहिल्यांदा आला आणि सबंध टॉकीज ‘आला, आला’ म्हणून उभं राहिलं. माळी गुलाबांना पाणी घालत होता. लोक त्याला शिव्या घालत होते. संध्याकाळच्या खेळाला फार कुणी आलंच नाही.

रमणिकशेट स्वतः कचेरीत आले. जाडजूड माणूस, जिना चढून दमले होते. स्वभावानं गरीब. ते ओरडले नाहीत.

“बोंद्रे,” ते म्हणाले, “मी तुमचं काय वाकडं केलं होतं?”

“तुम्ही काही नाही केलं, शेटजी,” मी म्हणालो. “माळ्यानं केलं.”

शेटजींनी टॉकीजच्या जाहिराती बंद केल्या. समाचाराचं शेवटचं पान त्या जाहिरातींवर चालत असे. ते आता कोरं राहू नये म्हणून हुपरीकर तिथे पाककृती छापू लागले. त्यांचा आवाजही खाली गेला होता. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

“बोंद्रे, सिनेमाचा शेवट फोडायचा नसतो. शेवटी काय होतं, ते प्रेक्षकांनी सहकुटुंब येऊन पडद्यावरच पाहावं, असं लिहायचं आणि थांबायचं. आणि आता पुन्हा चुकलात तर परत ऱ्हस्व-दीर्घ.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं मला वाईट वाटत नव्हतं, ते मला येतात. पण आई देवळात सगळ्यांना सांगून बसली होती की आमच्या नरहरला विचारल्याशिवाय गावात कुणी सिनेमा बघत नाही. कुमुदनं ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, “जे सांगितलंय तेच करा, म्हणजे झालं.” मी म्हणालो, “तेच तर करतो.” तिनं ताट उचललं.

पुढच्या आठवड्यात स्वातंत्र्यलढ्यावरचा सिनेमा आला. मी पाठ केलेलं वाक्य घोकतच गेलो आणि घोकतच आलो. शनिवारी छापून आलं.

‘इंग्रज फार जुलूम करतात. लोक झेंडे घेऊन रस्त्यावर उतरतात. गोळीबार होतो. पुढारी तुरुंगात जातात. इथपर्यंत सिनेमा रंगला आहे. मात्र शेवटी इंग्रज जातात की राहतात, हे आम्ही सांगणार नाही. देश स्वतंत्र होतो की नाही, ते प्रेक्षकांनी सहकुटुंब येऊन पडद्यावरच पाहावं.’

आबासाहेब निंबकर नावाचे एक वृद्ध गृहस्थ गावात होते. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. ते काठी टेकत कचेरीत आले आणि माझ्यासमोर बसले.

“बोंद्रे, इंग्रज गेले असं आम्हाला त्या वेळी सांगण्यात आलं होतं,” ते म्हणाले. “त्यात काही बदल झालाय का?”

“मला शेवट सांगायची परवानगी नाही, आबासाहेब.”

आबासाहेब उठले, टॉकीजवर गेले आणि नातवंडांसकट सिनेमा बघून आले. ‘गेले एकदाचे,’ असं त्यांनी पारावर जाहीर केलं. लोक पोट धरून हसले. मग देश स्वतंत्र होतो का ते बघायला सगळं गाव लोटलं. टॉकीजवर कधी नव्हे ती ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागली. तिच्यावरची धूळ पुसायला माणूस लावावा लागला.

हुपरीकरांनी मला बोलावून समोर बसवलं. म्हणाले, “जो शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो, तो सांगून टाकायचा असतो, बोंद्रे. त्यात लपवायचं काय? बेधडक सांगायचा. बघायला मात्र सहकुटुंब बोलवायचं. ते तुम्ही बरं केलंत.”

संपादकांनी मला ‘बरं केलंत’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. मी ते वाक्य मनात जपून ठेवलं.

रमणिकशेटही खूश झाले. त्यांनी जाहिराती परत सुरू केल्या. एवढंच नाही, त्यांची एकसष्टी होती, टॉकीजमध्येच मोठा सत्कार ठरला होता, तिथे मी बोलावं असा त्यांनी आग्रह धरला. “तुमचा तो बोंद्रेच पाहिजे,” त्यांनी हुपरीकरांना सांगितलं. “लोक त्याचं ऐकतात.” हुपरीकरांनी सर्दीचं निमित्त काढून पाहिलं, पण सर्दी त्यांना झालेली होती, मला नव्हती.

“थोडक्यात बोला,” ते मला टॉकीजच्या दारात म्हणाले. “आणि नवीन काही करू नका. शेटजी सिनेमातला माणूस. सिनेमावर लिहिता तसंच बोला.”

टॉकीज भरलं होतं. स्टेजवर शेटजी हार घालून बसले होते. पहिल्या रांगेत शेठाणी, मुलं, सुना, नातवंडं. त्यांच्या मागे डोंगरे वकील, वकिलांची आई आणि मिसेस, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. कुमुदनं माझा सदरा दोनदा इस्त्री केला होता. काय बोलायचं ते पक्कं होतं.

“रमणिकशेटचा पूर्वार्ध वेगवान आहे,” मी सुरुवात केली. “गरीब घरातला मुलगा बैलगाडीत यंत्र घालून गावोगाव सिनेमे दाखवत फिरतो. एकदा गाडी नदीत अडकते, तेव्हा तो स्वतः भिजतो पण सिनेमाचे डबे डोक्यावर धरतो. हा प्रसंग फार उत्तम आहे.”

टाळ्या पडल्या. शेटजींनी डोळे पुसले. हुपरीकरांनी मान डोलावली. मला धीर आला.

“मध्यांतराच्या सुमारास लग्न होतं. इथून वेग मंदावतो. मध्यांतरानंतर वजन वाढतं. गुडघेदुखीचा भाग जरा लांबला आहे.”

लोक हसले. शेटजीही पोट हलवून हसले. शेठाणी पदराआड हसल्या. सभा माझ्या हातात होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी सगळं बरोबर करत होतो.

“आता शेवट,” मी म्हणालो.

हुपरीकर जागेवर उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून हलवू लागले. मला वाटलं, मागे ऐकू येत नाहीये. मी आवाज चढवला.

“शेवट सगळ्यांना ठाऊकच आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. शेवटी रमणिकशेट जातात.”

टॉकीज एकदम शांत झालं. परिणाम चांगला साधला होता.

“तरीसुद्धा,” मी म्हणालो, “हा प्रसंग कुणी चुकवू नये. आडवळच्या प्रत्येक माणसानं सहकुटुंब यावं. पोराबाळांना खांद्यावर बसवून दाखवावं.”

वर बाल्कनीतून कुणीतरी विचारलं, “कधी आहे?”

शेटजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या गळ्यातला हार हलायचा थांबला होता. तारीख मला कुणी सांगितली नव्हती. मी गडबडलो नाही. तारीख ठरलेली नसली की सिनेमाच्या पोस्टरवर जे लिहितात, तेच मी शेटजींकडे हात करून स्पष्ट आवाजात सांगितलं.

“लवकरच.”